मुलगा पितो, डॉक्टरचं नाव काढलं की ताटावरून उठतो: मग घरच्यांनी करायचं काय

पोरगा चोवीस-पंचवीसचा, डिग्री झालेली, दोन-चार वर्षं पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी केली, प्रीलिम निघाली मेन्स अडकली, आता घरी परत आलाय. दिवसभर खोलीचं दार लोटलेलं आणि संध्याकाळी सात वाजले की पायात चप्पल. (कायद्याने महाराष्ट्रात २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कडक दारू विकत घेताच येत नाही, पण काउंटरवर आधार कार्ड कोण मागतंय.) विषय काढला की "मी काय बेवडा वाटलो का तुम्हाला", संपलं. अशा घरातल्या आईवडलांसाठी लिहितोय. मी डॉक्टर नाही, बाप आहे, आमच्या घरात हे होऊन गेलंय आणि पालकांच्या मीटिंगांना मी अजूनही जातो, तिथे बसून जे कळलं ते सांगतो. मुलगी असेल तरी बहुतेक सगळं हेच, फक्त मुलीचं घरचे जास्त दिवस लपवतात.

आधी मुद्द्याचं. अठरा वर्षांवरच्या पोराला तुम्ही दारू सोडायला लावू शकत नाही. पण कधीतरी त्याच्या तोंडून "बघू या मग" निघतं, कधी अपघातानंतर, कधी नोकरी गेल्यावर, कधी काही कारण नसताना रविवारी दुपारी. ते बघू या फार वेळ टिकत नाही, संध्याकाळपर्यंत विरतं. तेव्हा तुम्ही नंबर शोधत बसलात, बहिणीला फोन करून कुठला डॉक्टर चांगला विचारत बसलात, तर गेली वेळ. म्हणून तुमचं काम दोन प्रकारचं आहे, तो क्षण लवकर यावा असं घर ठेवायचं आणि आला की तासाभरात हलता येईल एवढी तयारी आधीच करून ठेवायची.

ज्या गोष्टी करू नका म्हणून हात जोडून सांगतो

एक म्हणजे ती न कळत द्यायची पावडर. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या मुतारीपासून फेसबुकपर्यंत सगळीकडे आहेत, आणि आई मंडळी हमखास फसतात कारण त्यात भांडण नाही. त्या पुडीत काय असतं देव जाणे, पण बऱ्याच जणी मेडिकलमधून डायसल्फिराम ही दारू सोडवायची गोळी आणून आमटीत कालवतात. हे औषध खोटं नाही, डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊन, आणि पोटात दारू नसताना. ती गोळी पोटात असताना कोणी प्यायला तर चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली येतं, आणि माणूस दगावू शकतो. गोळी बंद केल्यावरसुद्धा दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. त्यात ज्याला माहीतच नाही तो पिणार हे तर नक्की. आणि हे बाहेर आलं की, येतंच, मग तो मुलगा आईच्या हातचं जेवताना आधी वाटी उचलून वास घेतो, डाव मागून स्वतःच वाढून घेतो. मीटिंगमध्ये एक बाई सांगत होत्या, वर्ष होत आलं तरी मुलगा त्यांनी ओतलेला चहा घेत नाही.

दुसरं, लग्न. "लग्न केलं की जबाबदारी येईल, सुधारेल." हे सांगणारे काका-मामा लग्नाच्या दिवशी जेवून जातात, नंतर दुसऱ्याची लेक भोगते. यावर मी जास्त लिहीत नाही, नाहीतर भाषा सुटेल.

तिसरं सगळ्यात धोक्याचं आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं. रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून, पैसे बंद करून, "बघू किती दिवस राहतो" असं एकदम तोडायचं नाही. शरीराला सवय लागलेली असते. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, मळमळ, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जण बडबडायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कोण माणूस समोर आहे कळत नाही, ताप चढतो. याला लोक बाहेरचं लागलं म्हणतात आणि अंगारा लावतात, पण ही इमर्जन्सी आहे, यात माणूस जातो. सरळ हॉस्पिटल, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की हा रोज पिणारा आहे आणि अमुक दिवशी बंद झालीय. लाजेने फक्त "ताप आहे" सांगू नका. दारू तोडायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं आणि व्हिटॅमिन बी-१ देऊन तोडतात, त्यात फार त्रास होत नाही, आणि हे पोरालाही सांगा, कारण बरेच जण नाही म्हणतात ते या त्रासाच्या भीतीने म्हणतात, त्याने एकट्याने सोडायचा प्रयत्न करून बघितलेला असतो, तुम्हाला माहीत नसतो.

माळ घालायची म्हणाला तर घालू द्या, माळेने सुटलेले लोक मी पाहिलेत. पण माळ त्याला हवी असली पाहिजे, आणि वरची शरीराची गोष्ट माळेलाही लागू आहे.

कालनिर्णय काढा

आता करायचं काय. भिंतीवरचं नको, वेगळं एक कालनिर्णय आणा आणि कपाटात ठेवा. महिनाभर त्या चौकोनात फक्त एवढं लिहा: प्याला की नाही, साधारण किती वाजता, कोणाबरोबर, आणि त्या दिवशी आधी काय झालं होतं. त्याला पकडायला नाही, तुम्हाला समजायला. आपल्याला वाटतं रोजच पितो, आणि महिन्याच्या शेवटी दिसतं की आठवड्यातले दोन दिवस कोरडे जातात, आणि ते बहुतेक वेळा भाच्याला क्लासला सोडायचं काम असतं ते दिवस. नाहीतर दिसतं की रिझल्टच्या, भरतीच्या जाहिरातीच्या बातमीच्या आसपास जास्त होते. नाहीतर, हे कडू आहे, दिसतं की तुमच्याशी खटका उडाला त्या संध्याकाळी हमखास.

ही माझी अक्कल नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सोबतच्यांनी घरच्यांनाच शिकवायची एक पद्धत बसवली, क्राफ्ट म्हणतात. १९९९ साली त्यांनी उपचाराला नाही म्हणणाऱ्या पिणाऱ्यांच्या १३० नातेवाइकांवर तीन पद्धती ताडून पाहिल्या. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून सुनावायचं या पद्धतीत ३० टक्के ट्रीटमेंटला आले, अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मदतगटाच्या, वाटेने गेलेल्यांत १३ टक्के, आणि क्राफ्ट शिकलेल्यांच्या घरातले ६४ टक्के. अल-अनॉनवर अन्याय नको, त्याचा हेतूच घरच्यांचं मन थाऱ्यावर आणणं हा आहे, पेशंटला ओढून आणणं नाही. पण आपल्याकडे जे चालतं, मामाला बोलवा, शेजारच्या सरांना बोलवा, हॉलमध्ये सगळे गोल बसा आणि पोराला मधे, त्याचं काय होतं ते या आकड्यांत बघा. चार लोकांत मान खाली गेलेला माणूस तिथून उठून कुठे जातो तुम्हाला माहीत आहे.

पद्धतीचा गाभा सोपा आहे पण करायला जड. तो शुद्धीत असतो तेव्हा घर चांगलं लागलं पाहिजे, आणि पिऊन येतो तेव्हा घर कंटाळवाणं लागलं पाहिजे. आपण नेमकं उलटं करतो. कोरड्या दिवशी कोणी बोलत नाही, "आज बरा आहे तर नको विषय", सगळे आपापल्या मोबाइलमध्ये, आणि पिऊन आला की रात्री बारा वाजता सगळं घर जागं, आई रडतेय, बाप ओरडतोय, गरम करून जेवायला वाढलं जातंय. म्हणजे त्याच्याकडे लक्ष कधी मिळतं तर पिऊन आल्यावर. तर कोरड्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसा, मॅच बघा, त्याच्या आवडीचं काहीतरी करा आणि तोंडाने म्हणा की "आज तू होतास, बरं वाटलं". प्यायलेला आला की दार उघडा, पडणार नाही ना बघा, उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, श्वास नीट नसेल, हलवून उठत नसेल तर हॉस्पिटल. बाकी एक शब्द बोलू नका. झोपा. सकाळी बाथरूममधली उलटी तुम्ही धुवायची नाही, त्याने धुवायची, आणि साहेबांना "त्याला ताप आहे" असा फोनही तुम्ही करायचा नाही.

पैशाचं

हे दोघांनी एकमेकांत ठरवल्याशिवाय काहीच होणार नाही. वडील बंद करतात आणि आई डब्यातले पाचशे देते, किंवा आई खंबीर आणि वडील गुपचूप जीपे करतात, आणि पोराला दोन्ही खिडक्या माहीत असतात. आधी नवराबायकोने बंद दाराआड बसून ठरवायचं की काय देणार आणि काय नाही, भांडायचं ते तिथेच भांडून घ्या. आमच्याकडे ठरलं होतं ते असं: जेवण, छप्पर, मोबाइलचं साधं रिचार्ज, आणि दवाखान्याचा कुठलाही खर्च, हे कधीही बंद नाही. रोख नाही, "पेट्रोलला दोनशे टाका" नाही, टपरीची उधारी नाही, लोन ॲपचे हप्ते नाहीत. लोन ॲपवाले सगळ्या कॉन्टॅक्टना घाणेरडे फोन करतात तेव्हा भरून टाकावंसं वाटतं, ते मी समजू शकतो, पण एकदा भरलं की पुढचं ॲप डाउनलोड होतं. धमक्या आल्या तर सायबर हेल्पलाइन १९३० आहे, तिथे तक्रार करा.

हे त्याला सांगायचंही असतं, अचानक नळ बंद करायचा नाही. शांतपणे, एकदाच, तारीख सांगून. आणि जे पाळता येणार नाही ते बोलू नका. "उद्यापासून घरात पाऊल ठेवायचं नाही" म्हणून रात्री दोनला तुम्हीच त्याला शोधायला निघणार असाल तर कशाला.

गाडीची चावी मात्र वेगळी गोष्ट. तिथे परिणाम भोगू दे वगैरे नाही, त्यात दुसऱ्याचं पोर मरतं. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर सापडला तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. गाडी तुमच्या नावावर असेल तर संध्याकाळी चावी तुमच्याकडे.

बोलायचं कसं, आणि आधी छोटासा "हो"

प्यायलेला असताना नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. सकाळी तो शरमेने अर्धा झालेला असतो आणि आईची शपथ घेऊन मोकळा होतो, ती शपथ खरीच असते, फक्त सात वाजेपर्यंतची असते. कोरडा दिवस, पोट भरलेलं, घरात तिसरं माणूस नाही, अशी वेळ. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा गाडीत, किंवा शेतावर काहीतरी काम करता करता जास्त बोलणं होतं, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही.

वाक्यं छोटी. "तू घराण्याचं नाव घालवलंस" ऐवजी "मंगळवारी तू जिन्यात झोपला होतास, मी दोन वाजेपर्यंत तुझ्याशेजारी बसलो होतो, मला भीती वाटली." एवढंच, पुढे उपदेश नाही. मग विचारा की तुला स्वतःला यातलं काय नको झालंय. बेवडा, व्यसनी, पेशंट हे शब्द त्याच्यावर लादू नका, तो मी व्यसनी नाही म्हणाला तर "बरं, नसशील, पण झोप लागत नाही म्हणतोस त्याचं काय करू या" असं म्हणा. शब्दावरून जिंकून काय मिळणार आहे.

आणि इथे खरी मेख आहे. ज्याला व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की भडका उडतो त्याला ॲसिडिटी मान्य असते. रात्री झोप नाही हे मान्य असतं. हात थरथरतात हे आतून माहीत असतं. मग तिथून जा. फॅमिली डॉक्टरला आधी तुम्ही जाऊन भेटा, सगळं सांगा, आणि मुलाला पोटासाठी न्या. रक्त तपासा, लिव्हरचे रिपोर्ट, सोनोग्राफी. बापाने शंभर वेळा सांगितलेलं आणि डॉक्टरने कागद पुढे सरकवून बोट ठेवून "हा आकडा बघ" म्हटलेलं, फरक पडतो. रिपोर्ट नॉर्मल आला तर काय? तर चांगलंच आहे, घाबरवू नका, डॉक्टरने सांगावं की आत्ताच थांबवलं तर काहीच बिघडलेलं नाही. झोप आणि उदासीसाठी सायकियाट्रिस्टकडे एकदा जाऊन येऊ, हेही बऱ्याच जणांना चालतं. आणि जायलाच हवं, कारण बऱ्याच पोरांचं पिण्याच्या आधीचं काहीतरी असतं, डिप्रेशन, भीती, परीक्षेत नाव न आल्याचा धसका. कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, कट करतंय असं म्हणत असेल, कानात आवाज येत असतील, तर मग दारू राहू दे बाजूला, लगेच सायकियाट्रिस्ट.

ॲडमिट झालंच पाहिजे असंही नाही, हे त्याला सांगा. ओपीडीतून औषधं घेऊन, ओढ कमी करणाऱ्या गोळ्या असतात, नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, त्या डॉक्टर ठरवतील, काउन्सेलिंग करून, एएच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) मीटिंगला जाऊन बरे होणारे पुष्कळ आहेत. दोन-तीन पर्याय समोर ठेवा आणि निवडू त्याला द्या.

तयारीची वही

एका वहीत हे लिहून ठेवा. जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीचे वार आणि वेळ. टेलि-मानस १४४१६, हा सरकारचा मानसिक आरोग्याचा फोन २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, आणि तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. एखादं केंद्र, जे तुम्ही आधी जाऊन डोळ्यांनी बघून आलाय. पुण्याचं मुक्तांगण बहुतेकांना माहीत असतं, डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाईंची मदत होती, तिथे घरच्यांसाठीही काम चालतं. तुमच्या जिल्ह्यातही असेल. बघताना विचारा: सायकियाट्रिस्ट किती वेळा येतो, पहिल्या आठवड्यात रात्री फिट आली तर काय करता, भेटायला कधी देता, फोन देता का, नोंदणी दाखवा. स्वयंपाकघर बघा. आत असलेल्या पोरांशी दोन मिनिटं एकटं बोलू द्या म्हणा, नाही म्हणाले तर उठा.

"गाडी पाठवतो, चार पोरं येतील, उचलून नेतो" असं फोनवर सांगणारे पुष्कळ आहेत. पोराला घरातून असं फरफटत नेल्यावर तो तुमच्यावर परत विश्वास ठेवेल का हा प्रश्न आहेच, पण कायदाही तसा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. माणसाच्या मनाविरुद्ध ॲडमिट करायचं तर कलम ८९ आहे, त्यात नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हचा, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचा, अर्ज लागतो, दोन जणांनी वेगवेगळं तपासून लिहावं लागतं, त्यातला एक सायकियाट्रिस्ट, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा व्हायचा धोका, किंवा स्वतःची काळजी घेता न येऊन इजेचा धोका, अशी परिस्थिती लागते. तेही नोंदणी असलेल्या ठिकाणी, आणि या कलमाखाली जास्तीत जास्त ३० दिवस. म्हणजे रस्ता आहे, पण तो खरोखर गरज असतानाचा आहे, वैतागलो म्हणून नाही.

मरायची भाषा केली तर "नाटकं करतो" म्हणायचं नाही, कधीच नाही. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतोय का, विचारल्याने डोक्यात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका. शेतीवाल्यांनी फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवा, दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवा, कुलपात ठेवून चावी कनवटीला हेही पुरत नाही. काही केलंच तर पोलिस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करू नका, याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही.

हात उगारत असेल तर वरचं सगळं क्राफ्ट वगैरे बाजूला. आई आणि बहीण आधी सुरक्षित जागी, ११२ ला फोन. आई मुलाविरुद्ध घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागू शकते, बऱ्याच आयांना वाटतं ते फक्त सुनांसाठी आहे.

हो म्हणाला त्या दिवशी

भाषण नाही, रडारड नाही, "हे आधीच केलं असतंस तर" तर अजिबात नाही. "चल" एवढंच. वही काढा, फोन लावा, आज ओपीडी नसेल तर उद्याची वेळ घ्या आणि आज रात्री घरात राहा. रोज पिणारा असेल आणि हात थरथरायला लागले तर उद्याची वाट न बघता कॅज्युअल्टी. एकाच माणसाने बरोबर जायचं, ज्याच्याशी त्याचं बरं आहे तो, भले तो चुलत भाऊ असेल. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, दोन जोडी कपडे. आणि दारातून फिरला, नाही म्हणाला, तर "ठीक आहे, नंबर या वहीत आहे" म्हणा आणि चहा टाका. परत येते ती वेळ, पण तुम्ही तमाशा केला तर उशिरा येते.

परत आल्यावर तोंडाचा वास घेणं बंद करा, तो सगळ्यात जास्त यावर चिडतो. फॉलो-अपच्या तारखा मात्र सोडायच्या नाहीत. पहिल्या वर्षातल्या अवघड तारखा आधी बसून ठरवा, गटारी, विसर्जन, थर्टी फर्स्ट, मित्राची हळद. हळदीला जायचंच असेल तर जेवणाच्या वेळेला जाऊन अक्षता टाकून परत, गाडी बहिणीने चालवायची, असं काहीतरी ठरलेलं असलं की ऐनवेळी नाही म्हणायला त्याला सोपं जातं. घसरला, परत प्याला, तर किती दिवस न पिता राहिला होता ते मोजून दाखवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टर.

आणि बहिणीचं नाव आलंच आहे तर, घरात दुसरं मूल असेल तर त्याला महिनोन्‌महिने कोणी विचारलेलं नसतं. तिची दहावी, तिचं स्थळ, सगळं दादाच्या सावलीत. तिला घेऊन एखादा रविवार बाहेर जा, आणि त्या दिवशी दादाचा विषय काढायचा नाही.